नाताळच्या सुट्टीत नाशिकहून मुंबई : कुटुंबासाठी तीन दिवसांच्या सहलीची आखणी

नाशिककर मुंबईला वर्षातून दोन-चार वेळा तरी जातात, परंतु ते लग्नाला, दवाखान्याच्या कामाला, मुलाखतीला किंवा कोणाला विमानतळावर सोडायला. खास मुंबई पाहण्यासाठी मुलांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन गेलेली कुटुंबे माझ्या ओळखीत थोडीच आहेत, आणि जी गेली त्यांतील अनेक जण दमून, चिडून आणि ठरवलेल्यातले निम्मेच पाहून परतली. याचा दोष मी मुंबईच्या गर्दीला देणार नाही. आपण आधी ठिकाणांची भलीमोठी यादी करतो आणि मग ती दोन-तीन दिवसांत कोंबू पाहतो, तिथेच सहल फसते. मुंबईसाठी हा क्रम उलटा करावा लागतो. आधी वार ठरवावेत, मग एकेका दिवसाला शहराचा एकेक भाग नेमून द्यावा आणि त्या भागात जे सहज पायी गाठता येईल तेवढेच पाहावे.

वार आधी ठरवा

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. पेडर रोडवरचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानही सोमवारीच बंद असते. भायखळ्याची राणीबाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती त्या दिवशी उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवली जाते. रविवारी देखभालीच्या कामासाठी लोकलच्या मार्गांवर मेगाब्लॉक असतो, त्यामुळे दिवसा गाड्या कमी आणि उशिराने धावतात; शिवाय त्या दिवशी खुद्द मुंबईकरही सहकुटुंब बाहेर पडलेले असतात.

हा सगळा हिशेब मांडला की गुरुवारी सकाळी निघून शनिवारी रात्री परतणे सर्वांत सोयीचे ठरते. ही गोष्ट मी अनुभवाने शिकले. काही वर्षांपूर्वी सासूबाईंना घारापुरीचा सदाशिव दाखवायचा म्हणून आम्ही पहाटे उठून निघालो, गेटवेच्या धक्क्यावर पोहोचलो आणि मग कळले की आज सोमवार. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण त्यांच्या गुडघ्यांना तो प्रवास पुन्हा झेपायला पुढे दोन वर्षे लागली. तेव्हापासून आमच्या घरी सहलीचा पहिला कागद म्हणजे दिनदर्शिकेचे पान असते.

तारखांमध्ये ३१ डिसेंबर शक्यतो टाळावा. त्या संध्याकाळी गेटवे आणि मरीन ड्राइव्ह परिसरात पाय ठेवायला जागा नसते, रस्ते वाहनांसाठी बंद केले जातात आणि लहान मुलांना सांभाळणे अवघड होऊन बसते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाणाऱ्यांनी ६ डिसेंबर लक्षात ठेवावा. महापरिनिर्वाण दिनानिमित्त त्या दिवशी आणि त्याच्या आधी-नंतर दादरच्या चैत्यभूमीवर राज्यभरातून लाखो अनुयायी येतात. अभिवादनासाठी जायचे असेल तर त्याच दिवशी जावे. केवळ फिरण्यासाठी दादर गाठायचे असेल तर दुसरा दिवस निवडावा.

तिकिटे

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाचा दिवस वगळून ६० दिवस आधी सुरू होते. २५ डिसेंबरला निघायचे असेल, तर आरक्षण २६ ऑक्टोबरच्या सकाळी आठ वाजता उघडते. हे दिवस दिवाळीच्या आसपासचे असल्याने फराळाच्या धांदलीत ही तारीख हमखास निसटते, म्हणून ती भिंतीवर लिहून ठेवावी. जाण्याचे आणि परतीचे तिकीट एकदमच काढण्याचा मोह होतो, परंतु परतीची तारीख दोन दिवस पुढची असल्यामुळे तिचे आरक्षणही दोन दिवस उशिरा उघडते, हे विसरू नये.

गाडी म्हणाल तर कुटुंबासाठी पंचवटी एक्स्प्रेससारखी दुसरी सोय नाही. मनमाडहून सुटणारी ही गाडी सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला येते, अकराच्या आत-बाहेर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते आणि संध्याकाळी सहानंतर तिथूनच परत निघते. तिच्यात रोज ये-जा करणाऱ्या पासधारकांसाठी राखीव डबे असतात. आपले तिकीट कोणत्या डब्याचे आहे ते फलाटावर पोहोचण्याआधीच पाहून ठेवावे, कारण आयत्या वेळी सामान आणि मुले घेऊन डब्यातून डब्यात सरकणे त्रासाचे असते. निघण्याच्या आदल्या दिवशी गाडीची वेळ पुन्हा एकदा तपासावी.

स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कसारा घाटाची वळणे टळली. तरीही मी मोटार सुचवणार नाही. घाटात वाचलेला वेळ भिवंडी आणि ठाण्याच्या कोंडीत निघून जातो, आणि दक्षिण मुंबईत गाडी उभी करायला जागा शोधण्यातच सुट्टीचा उत्साह ओसरतो.

मुक्काम आणि सामान

नाशिककरांचे कोणी ना कोणी कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याला असतेच, आणि तिथे उतरलो नाही तर त्यांना वाईटही वाटते. आपुलकीचा मान राखूनही सांगावेसे वाटते की, सहलीचे दोन्ही मुक्काम तिथे करू नयेत. डोंबिवलीहून सकाळी निघायचे म्हणजे आठ ते अकराच्या गर्दीतून मुले आणि म्हातारी माणसे घेऊन लोकलमध्ये शिरायचे, आणि परतताना संध्याकाळच्या तशाच गर्दीला तोंड द्यायचे. फोर्ट, सीएसएमटी, चर्चगेट किंवा दादर या भागांत दोन रात्रींची साधी, स्वच्छ खोली आधीच आरक्षित केली तर रोजचे तीन-चार तास आणि सगळ्यांचे पाय वाचतात. नातेवाइकांनाच एका संध्याकाळी दादरला जेवायला बोलवावे. भेट होते आणि कोणाची धावपळ होत नाही.

कपड्यांच्या बाबतीत नाशिकच्या थंडीने फसू नये. ज्या आठवड्यात निफाडचा पारा एक आकडी होतो, त्याच आठवड्यात मुंबईत दुपारी तीस-एकतीस अंश असते आणि मुले स्वेटर काढून आपल्या हातात देतात. प्रत्येकासाठी एकच स्वेटर आणि एकच कानटोपी घ्यावी, ती फक्त जाताना नाशिकरोडच्या फलाटावर आणि परतताना इगतपुरीपासून पुढे लागते. बाकी सगळे सुती कपडे, डोक्याला टोपी आणि वापरून सैल झालेली चप्पल किंवा बूट. नव्या बुटांनी दुसऱ्या दिवशी पायाला फोड येतो. प्रत्येक मुलाच्या खिशात आई-वडिलांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि "हरवलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा, आम्ही मागे येतो" हे वाक्य घरूनच पाठ करून घ्यावे.

नाशिकरोड गाठणे हाही आखणीचाच भाग आहे. सातपूर, सिडको किंवा पंचवटीतून पहाटे साडेपाचला रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नये. ती आदल्या रात्रीच सांगून ठेवावी.

जातानाचा प्रवास

हे चार तास झोपून घालवू नयेत. इगतपुरी सोडली की गाडी थळ घाटात उतरू लागते. या घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र आहे, म्हणून मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात. मुलांना खिडकीशी बसवून ती इंजिने दाखवावीत. पुढे ठाणे आले की दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी रेल्वे याच ठाण्याला आली होती. आणि डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेरे यांना, कर्वे आणि देशपांडे या साथीदारांसह, १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्याच तुरुंगात फाशी देण्यात आले. कान्हेरे मैदानावर रोज क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना त्या नावाचा हा शेवट माहीत असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

गुरुवार : फोर्ट आणि मरीन ड्राइव्ह

सीएसएमटीला उतरल्यावर लगेच बाहेर पळू नये. ही इमारत स्वतःच पाहण्याची पहिली जागा आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेले हे स्थानक १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले आणि २००४ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभे राहिले की घुमट, कोरलेले मोर, माकडे आणि पाने नीट दिसतात. खोली दुपारी ताब्यात मिळणार असेल तर सामान स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवावे. बॅगेला कुलूप आणि जवळ प्रवासाचे तिकीट असणे आवश्यक असते.

लवकर जेवून एकच्या आत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठावे. स्थानकापासून ते दीड-दोन किलोमीटरवर आहे. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून सावलीतून चालत गेलो की वाटेत हुतात्मा चौक लागतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांच्या स्मारकापुढे दोन मिनिटे थांबून मुलांना सांगावे की, मुंबई आज महाराष्ट्राची राजधानी आहे ती या माणसांमुळे. संग्रहालयाची इमारत जॉर्ज विटेट यांची. पायाभरणी १९०५ ची आणि लोकांसाठी ती खुली झाली १९२२ मध्ये. सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. तळमजल्यावरची शिल्पे सावकाश पाहावीत, मग मुलांना पशुपक्ष्यांच्या दालनात न्यावे आणि चारच्या सुमारास बाहेर पडावे.

चारलाच का, तर डिसेंबर अखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्याआधी ओव्हल मैदान गाठायचे असते. मैदानाच्या मधोमध उभे राहून पूर्वेकडे पाहिले की उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ही एकोणिसाव्या शतकातली उंच, टोकदार, दगडी बांधणी दिसते. नुसती पाठ वळवली की पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या, गोलाकार सज्जांच्या आणि फिक्या रंगांच्या आर्ट डेको इमारतींची ओळ. दोन शतके समोरासमोर उभी आहेत आणि मधे पोरे क्रिकेट खेळत आहेत. याच जोडीला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथून चर्चगेटवरून मरीन ड्राइव्ह दहा-पंधरा मिनिटांवर आहे. कठड्यावर बसून सूर्यास्त पाहणे, मग एकेक करून लागत जाणारे दिवे पाहणे, एवढाच त्या संध्याकाळचा कार्यक्रम असावा. परतताना रोषणाईतले सीएसएमटी पुन्हा एकदा पाहून घ्यावे.

शुक्रवार : घारापुरी, आणि दुपारनंतर फाळके

गेटवे ऑफ इंडिया पहिल्या दिवशी मुद्दाम सोडला होता, कारण घारापुरीच्या बोटी तिथूनच सुटतात. पावणेनऊपर्यंत पोहोचून कमान शांतपणे पाहावी. १९१३ मध्ये तिची पायाभरणी झाली, १९२४ मध्ये ती पूर्ण झाली, आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून देश सोडून गेली. पहिल्या बोटी नऊच्या सुमारास निघतात आणि बेटावर पोहोचायला साधारण तास लागतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर प्रवासी बोटीला मोठा अपघात होऊन अनेकांचे प्राण गेले. त्यामुळे बोटीत पाय ठेवताच जीवरक्षक जॅकेट मागून घ्यावे, लहान मुलांच्या मापाचे आहे ना ते पाहावे, त्याचे पट्टे आपल्या हातांनी बांधावेत आणि उतरेपर्यंत काढू नये. बोट खचाखच भरलेली दिसली तर पुढच्या बोटीची वाट पाहावी.

धक्क्यापासून छोटी रेल्वे पायथ्यापर्यंत नेते आणि त्यानंतर सुमारे १२० पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी डोलीची सोय होते. भाडे चढण्यापूर्वीच ठरवावे. भारतीयांसाठी प्रवेश ४० रुपये असून १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. माकडे पिशवीतला खाऊ आणि हातातली पाण्याची बाटलीसुद्धा ओढतात, म्हणून खाणे उघड्यावर आणू नये.

लेण्यात शिरल्याबरोबर छायाचित्रे काढायला लागू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर दोन मिनिटे काहीच दिसत नाही. खांबांच्या रांगेतून दक्षिणेच्या भिंतीकडे सावकाश चालत जावे आणि नुसते उभे राहावे. आधी अंधारात एक फुगीर कडा जाणवते, ती खालच्या ओठाची असते. मग मिटलेल्या पापण्या, मग जटामुकुटाची नक्षी, आणि शेवटी जवळजवळ वीस फूट उंचीची ती तीन मुखे एकदम पूर्ण होतात. सासूबाईंना अखेर तिथे नेले तेव्हा त्या खांबाला टेकून बराच वेळ बसून राहिल्या होत्या. सदाशिवाच्या आपल्या डाव्या हाताला अर्धनारीश्वर आहे आणि उजव्या हाताला गंगाधर. गंगाधराच्या पटात वर पाहावे, तीन मस्तकांची गंगा खाली उतरताना कोरलेली आहे. ब्रह्मगिरीवरून उतरलेल्या गोदावरीला दक्षिणगंगा म्हणणाऱ्या आपल्या माणसांनी या पटापुढे जरा जास्त थांबावे.

दोन-अडीचपर्यंत परत गेटवेला येऊन जेवावे आणि टॅक्सीने पेडर रोडचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय गाठावे. इथे एक लक्षात ठेवायचे, ते म्हणजे वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत. काळी-पिवळी टॅक्सी, बस किंवा मेट्रो हेच पर्याय आहेत. संग्रहालय २०१९ मध्ये सुरू झाले. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी "राजा हरिश्चंद्र" हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांना दाखवला, तिथपासूनची कथा इथे मांडलेली आहे. पांडवलेण्याच्या पायथ्याचे फाळके स्मारक पाहिलेल्या मुलांना ही जागा ओळखीची वाटते. अंगात त्राण उरले असतील तर मलबार हिलवर कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट आणि २०२५ मध्ये खुला झालेला, झाडांमधून जाणारा लाकडी निसर्ग उन्नत मार्ग आहे. त्याची वेळ आधीच ऑनलाइन आरक्षित करावी. त्राण उरले नसतील तर हे सोडून द्यावे.

जुन्या आठवणीवरून कोणी तारापोरवाला मत्स्यालयाचा आग्रह धरला तर तिकडे जाऊ नये. ते गेली काही वर्षे बंद आहे.

शनिवार : भायखळा, दादर आणि परत

खोली सोडून सामान पुन्हा क्लोकरूममध्ये ठेवावे आणि लोकलने भायखळ्याला जावे. राणीबागेत चौघांच्या कुटुंबाला, म्हणजे दोन मोठे आणि दोन मुले, १०० रुपयांचे तिकीट आहे. पेंग्विनच्या दालनापुढे रांग वाढत जाते, त्यामुळे आत गेल्याबरोबर आधी तेच पाहावे. त्यानंतर शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती मात्र चुकवू नये. आदल्या दिवशी पाहिलेल्या घारापुरीच्या किनाऱ्यावर हा हत्ती उभा होता, आणि त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो मोडला आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला गेला. जवळ गेल्यावर अंगावरचे सांधे दिसतात. मुलांना ते शोधायला सांगावे.

दुपारचे जेवण दादरला करावे. तिथल्या मराठी उपाहारगृहांत साबुदाणा वडा, थालीपीठ आणि पियूष मिळते. मिसळही मिळते, पण नाशिककरांनी तिची आपल्याकडच्या मिसळीशी तुलना न करता ती वेगळा पदार्थ म्हणून खावी. नंतर शिवाजी पार्क, तिथून चैत्यभूमी आणि जवळचा समुद्र. सिद्धिविनायकाला जायचे असेल तर २०२५ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण सुरू झालेली आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो सोयीची आहे. सिद्धिविनायक, दादर, हुतात्मा चौक आणि सीएसएमटी ही सगळी तिचीच स्थानके आहेत, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तिथे सरकते जिने व लिफ्ट आहेत.

लोकलमध्ये चढताना कुटुंबाने दोन दारांत विभागले जाऊ नये. आधी एक मोठे माणूस, मग मुले, शेवटी दुसरे मोठे माणूस असा क्रम ठेवावा, आणि उतरण्याच्या एक स्थानक आधीच दाराकडे सरकावे. गाडी फास्ट आहे की स्लो ते इंडिकेटरवर पाहूनच चढावे. संध्याकाळची गर्दी मुंबईहून उपनगरांकडे जाणारी असते, त्यामुळे दादरहून सीएसएमटीकडे येणारी लोकल त्या मानाने मोकळी मिळते.

परतीची पंचवटी दादरलाही थांबते, पण तो थांबा दोन-तीन मिनिटांचा असतो आणि सामानासह पाच-सहा माणसे चढवायला तेवढा वेळ पुरत नाही. पाच वाजेपर्यंत सीएसएमटीला येऊन सामान सोडवावे, रात्रीचे जेवण बांधून घ्यावे आणि गाडी लागल्याबरोबर आपल्या जागांवर बसावे. स्वेटर आणि कानटोप्या बॅगेत सर्वांत वर ठेवाव्यात, कारण कसारा गेले की खिडकीतून येणारा वारा बदलतो आणि इगतपुरीला दार उघडले की मुले झोपेतच आखडतात. नाशिकरोडला उतरेपर्यंत रात्र झालेली असते. गुरुवारी पहाटे ज्यांनी सोडले होते त्याच रिक्षावाल्या दादांना परतीच्या वेळेसाठीही तेव्हाच सांगून ठेवलेले असावे.